बारगीर आणि बंद शटर

दक्षिण कोलकात्यात, बालीगंज-भवानीपूरच्या जुन्या गल्ल्यांतून हिंडताना, जवळजवळ प्रत्येक घराच्या पायथ्याशी जे एक लोखंडी शटर दृष्टीस पडते, त्याच्यामागे मोटार असावी असा तर्क करणारा इसम या नगरीत नवखा आहे, असे खुशाल समजावे. त्या शटरामागे होमिओपॅथीचा दवाखाना असतो, गणिताची शिकवणी असते, इस्त्रीवाला असतो, अलीकडे मोमो उकडण्याचे पातेलेही असते. मोटार तेवढी रस्त्यावर ऊनपाऊस सोशीत उभी असते. आमचे घरमालक, ज्यांची हयात उच्च न्यायालयाच्या दप्तरात गेली आणि ज्यांना सारी गल्ली मेशोमशाय म्हणते, त्यांनी आपले गॅरेज मोटारीसाठीच भाड्याने दिले, याचे कारण त्यांची तत्त्वनिष्ठा नसून त्या जागेची सखलता होय. आषाढात तेथे गुडघाभर पाणी शिरते. आणि रुग्ण, विद्यार्थी व मोमो या तिघांपेक्षा आमच्या जुन्या अँबॅसडर गाडीची सहनशक्ती अधिक आहे. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून त्या गाड्या निघणे २०१४ साली बंद झाले, पण ही वार्ता आमच्या गाडीच्या कानावर कुणी घातलेली नाही.

तर त्या गॅरेजाच्या शटराची स्प्रिंग भाद्रपदातील एका रात्री तुटली. तुटली म्हणजे काय, तर दोन वाजण्याच्या सुमारास असा काही धडाका उडाला की समोरच्या तीन घरांत दिवे लागले आणि प्रत्येक सज्जात एकेक मीमांसक प्रकट झाला. एकाच्या मते तो बाँब होता, आणि कोणत्या पक्षाचा हेही त्यास ठाऊक होते. दुसऱ्याच्या मते विजेच्या खात्याचा ट्रान्सफॉर्मर. तिसऱ्याने गॅसच्या नळकांड्याचा पक्ष घेतला, आणि पहाटेपर्यंत त्या तिन्ही मतांचे मंडन व खंडन इतक्या उच्च पातळीवर चालले की प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपास करण्याची सूचना मांडणे शिष्टसंमत वाटेना. सकाळी मी शटर उचलू गेलो, तेव्हा ते बोटभरही हलले नाही.

वास्तविक शटर आपण उचलतो, हाच मुळी एक गैरसमज आहे. दाराच्या माथ्यावर पत्र्याच्या पेटाऱ्याआड एक लोखंडी नळ आडवा बसविलेला असतो; त्यावर बिडाच्या वाटोळ्या चकत्या असतात, आणि चकत्यांच्या पोटात, घड्याळाच्या चावीपट्टीसारख्या, पोलादी पट्ट्यांच्या गुंडाळ्या. पट्टीचे आतले टोक अचल नळाला जखडलेले, बाहेरचे टोक फिरत्या चकतीला. शटर खाली ओढले की गुंडाळी आवळते आणि आपले बळ तिच्यात अनामत राहते. वर ढकलताना ती अनामत गुंडाळी सव्याज नव्हे, पण जवळजवळ पुरती परत करते. आपण वर्षानुवर्षे लावतो ती केवळ टिचकी. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज पंडिताने, ताण जितका तितके बळ हा स्प्रिंगचा कायदा १६७६ साली अक्षरांची उलटापालट करून छापला आणि दोन वर्षांनी उलगडून सांगितला. आमचे मिस्त्री मजुरीचा आकडा अद्याप त्याच पद्धतीने सांगतात.

न्यू जर्सीस राहणाऱ्या भाच्याचा योगायोगाने त्याच सकाळी फोन आला. तिकडे गॅरेजात खरोखरच मोटारी ठेवतात, आणि दार गुंडाळले न जाता फळ्याफळ्यांनी छताखाली सरकते. त्याचे वजन दाराच्या वर बसविलेली पिळाची स्प्रिंग पेलते, आणि सामान्य स्प्रिंगचे आयुष्य उघडझाप मोजून दहा हजार वेळांचे धरतात, म्हणजे दिवसाकाठी चार वेळा दाराची उघडझाप करणाऱ्यास सुमारे सात वर्षे. स्प्रिंग गेली की विजेची मोटरही दारापुढे हात टेकते, कारण तिलाही उचलण्याचे नव्हे, टिचकीचेच काम दिलेले असते. "मामा, काही झालं तरी तुम्ही स्वतः त्याला हात लावू नका," तो कळवळून म्हणाला. "तुटलेली निरुपद्रवी असते हो, पण तिच्या शेजारची न तुटलेली असते ना, तिच्यात अजून सगळा पीळ भरलेला असतो. इथं त्यापायी लोकांची बोटं गेली आहेत." माझा हातोडी घेऊन शिडीवर चढण्याचा विचार नव्हता, परंतु तो असावा अशी समजूत एका भाच्याने तरी करून घेतली, याचे मला समाधान वाटले.

मिस्त्री आणावा, तर दिवस सतरा सप्टेंबरचा, म्हणजे विश्वकर्मापूजेचा. बंगालात हा दिवस पंचांगातील इतर सणांप्रमाणे फारसा मागेपुढे होत नाही. त्या दिवशी पान्हा, कानस, घण ही सारी हत्यारे देवापुढे मांडलेली असतात आणि त्यांना कामास लावणे हा अधर्म समजतात. शटरवाल्या मिस्त्रीचे दुकान मला सापडले. त्यात हत्तीवर आरूढ झालेला विश्वकर्मा होता, गुलाल होता, कर्णा होता, आणि दाराशी मिस्त्री स्वतः आकाशातील पतंगाकडे डोळे लावून उभा होता. "काल आशबो, दादा," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. उद्या येतो, हा त्याचा शब्द होता. तो कोणत्या उद्याचा, हा प्रश्न मी उपस्थित केला नाही.

येथवर सर्व सह्य होते. परंतु गणेशोत्सवाचे दिवस, सायंकाळी हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात नाटक, नाटक ऐतिहासिक, आणि त्याचा समग्र कपडेपट, पगड्या, अंगरखे, कल्ले आणि पत्र्याच्या तलवारींसह, आदल्या रात्री आमच्या मोटारीत भरून ठेवलेला. "अहो, मावळे काय शर्टपँटवर लढणार आहेत का?" या सौभाग्यवतींच्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

अखेर गल्लीच्या क्लबातील पोरे गच्चीवरचे पतंग सोडून धावून आली. कालपर्यंत एका हाताने वर जाणारे ते शटर पाच जणांनी धापा टाकीत छातीपर्यंत उचलले, एकाने मी सांगितल्याप्रमाणे दोन्ही बाजूंस लाकडी ओंडके उभे केले, आणि त्या फटीतून वाकून मी आत शिरलो. मोटार निघणे अशक्यच होते. म्हणून मी डोक्यावर एकात एक अशा चार पगड्या, काखेत तलवारींचा भारा आणि खांद्यावर अंगरखे घेऊन बाहेर आलो. नेमक्या त्याच क्षणी मेशोमशायांच्या वयोवृद्ध पिशीमा, म्हणजे आत्याबाई, सज्जात आल्या होत्या. बंगाली माता आपल्या लेकरांना ज्या बारगिरांचे भय घालून पिढ्यान्‌पिढ्या निजवीत आल्या, ते प्रत्यक्ष आपल्याच घरातून निघताना पाहून त्यांनी "बोर्गी!" असा एकच उद्गार काढला आणि सज्जाचे दार आतून लावून घेतले.

यात त्यांचा दोष नाही. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून आली, तेव्हा कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणावयास घेतला. तीनेक मैल झाला, मराठे काही इकडे फिरकले नाहीत, आणि काम तहकूब झाले. १७९९ साली त्याचा बराच भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेण्यात आला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे. एवढ्या बंदोबस्ताला जे साधले नसते ते एका गंजलेल्या पोलादी पट्टीने साधले होते, फक्त मराठ्यास तिने बाहेर न अडविता आत अडविले होते.

मिस्त्री आला, आणि आश्चर्य म्हणजे खऱ्याच उद्या आला. त्याने प्रथम उरलेल्या स्प्रिंगांचा पीळ, नळ पान्ह्याने धरून, हळूहळू उतरविला आणि मगच बोल्टांना हात घातला. हे काम चालू असता तो शटरासमोर कधी उभा राहिला नाही, बाजूसच राहिला, आणि बोलला तर मुळीच नाही, जे त्या गल्लीत प्रथमच घडत होते. तुटलेल्या पट्टीची कड गंजाने कुरतडलेली होती. आमच्या दमट हवेत तेलावाचून राहिलेले पोलाद अशा खाचेपासूनच चिरते. शटर ज्यांतून सरकते त्या बाजूच्या खाचांत चिखल वाळून बसला होता, त्यामुळे प्रत्येक खेपेस स्प्रिंगवर जादा भार पडत असे. तेथे घट्ट ग्रीस भरू नये, धूळ चिकटते; फडक्याने पुसून पातळ तेल सोडावे, पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दुर्गापूजेनंतर एकदा, असा त्याचा हुकूम झाला. सरतेशेवटी त्याने शटर कमरेपर्यंत आणून सोडून दिले. ते तेथेच स्थिर राहिले. खाली घसरले तर पीळ कमी, आपोआप वर धावले तर अधिक, अशी ती परीक्षा. दर दोनतीन महिन्यांनी ती कुणीही घ्यावी, तिला मिस्त्री लागत नाही.

सर्व स्प्रिंगा एकदमच बदलाव्यात, असे त्याने सांगितले होते, कारण एकाच दिवशी कामावर रुजू झालेल्यांपैकी एक गेली की बाकीच्यांचीही मुदत भरत आलेली असते. येथे मेशोमशायांनी कायदेशीर हरकत घेतली. आमच्या कबुलायतीत किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे आणि भारी दुरुस्ती मालकाकडे आहे. तुटलेली स्प्रिंग ही भारी, म्हणून तिचा खर्च त्यांनी तत्काळ मान्य केला. परंतु जी तुटलीच नाही तिची दुरुस्ती झाली असे कोणत्या न्यायाने म्हणावे? तीन संध्याकाळ चहावर वाद चालून तडजोड अशी झाली की न तुटलेल्या स्प्रिंगांचे दाम मी भरावे आणि त्या जुन्या स्प्रिंगा, मालकाची मिळकत म्हणून, त्यांच्या स्वाधीन कराव्यात. त्याप्रमाणे मी त्या वर नेऊन दिल्या, आणि त्यांनी मला त्यांची रीतसर पावती दिली, इंग्रजीत टंकलिखित, खाली सही, सहीखाली महसुली तिकीट.