रेफर चिठ्ठीबाई, तुमचे उपकार कसे फेडू?

प्रति,
श्रीमती रेफर चिठ्ठीबाई,
मुक्काम: सरकारी दवाखान्यातल्या टेबलाचा वरचा खण.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्यासारख्या कर्तबगार बाईंचा आजवर कुणी साधा शाल-श्रीफळ देऊनही सत्कार केलेला नाही. डॉक्टरांची बदली होते, औषधनिर्माता प्रतिनियुक्तीवर जातो, नर्सबाई दोन गावांच्या लसीकरणात अडकतात. हजेरीपटावर नाव नसताना दिवसरात्र हजर असता त्या तुम्हीच. पगार नाही, रजा नाही, कसली मागणी नाही!

आम्ही कोंढ्याची माणसे, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. धान लावून पोट भरणारी. आमच्यातल्या कित्येकांना नागपूर दिसले ते केवळ तुमच्या कृपेने. अड्याळ, पहेला, भंडारा, मौदा, पारडी आणि शेवटी नागपूरच्या ‘मेडिकल’ कॉलेजचा व्हरांडा, अशी ही यात्रा. भंडाऱ्यापासून पुढे साठेक किलोमीटर, त्याआधीचे आमचे वेगळे. एका मुक्कामाला दर्शन झाले नाही तर पुढच्या मुक्कामाची चिठ्ठी तयारच असते. रस्त्यात पेशंट शुद्धीवर असला तर त्याला बाहेरचे दृश्यही दिसते.

रोवणीच्या दिवसांत तर तुमच्या चपळाईला तोड नाही. बांधीत चिखलात उभ्या असलेल्या बाईच्या पायाला काहीतरी डसते. धुऱ्यावरून तिला उचलून, मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणेपर्यंत तुम्ही खणातून बाहेर आलेल्या असता. आता विषाचा परिणाम रक्तावर झाला आहे का, हे पाहायला कोरडी, स्वच्छ काचेची नळी लागते. तिच्यात दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग पाहायचे गोठले की नाही. यंत्र नको, वीज नको. पण वीस मिनिटे बाईला थांबवून ठेवणे तुमच्या शिस्तीत बसत नाही. प्रतिविषाच्या पहिल्या मात्रेच्या आठ-दहा वायल इथेच द्याव्यात, तर त्याची रिअॅक्शन येऊ शकते. रिअॅक्शनला अॅड्रेनलिन भरून ठेवावे लागते. एवढ्या उठाठेवीपेक्षा तुमची एक ओळ किती सुटसुटीत! विषाला मात्र तुमची ओळ वाचता येत नाही. ते गाडी भंडाऱ्याला पोहोचेपर्यंत थांबत नाही. घोणस असेल तर रक्त बिघडवत राहते, मण्यार असेल तर श्वास.

डॉक्टरांच्याही तुम्ही रक्षणकर्त्या आहात, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. पेशंट इथे दगावला तर नातेवाईक टेबल उलथवतात, रस्त्यात दगावला तर नशिबाला बोल लावतात. आमच्या या समंजसपणावरच तुमचा संसार उभा आहे. एकट्या एमबीबीएस डॉक्टरने भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी नसताना सिझेरियन करू नये, हेही खरेच. तिथे तुम्ही हव्यातच. आमचे कौतुक आहे ते पेशंटला हात लावायच्या आधी लिहून झालेल्या तुमच्या रूपाचे.

इतिहासातही तुमचा विजय नोंदला गेला पाहिजे. 1946 मध्ये भोर समितीने दूरच्या भविष्यासाठी स्वप्न मांडले होते: दहा ते वीस हजार वस्तीमागे 75 खाटांचे रुग्णालय. ते भविष्य तुम्ही सुखाने मागे टाकलेत. आज मैदानी भागात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा निकष आहे, आणि त्यात खाटा सहा. उरलेल्या खाटांची भरपाई तुम्ही करता, गाडीच्या मागच्या सीटवर.

तुमचा पराभव मला एकच ठाऊक आहे, तो रायगड जिल्ह्यातला. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर गेले. लाल विंचू चावलेली माणसे पुढे ढकलण्याऐवजी ते त्यांच्या उशाशी बसले, प्रत्येक लक्षण टिपत राहिले. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने त्यांनी माणसे वाचवली आणि ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुम्हाला कुठलीच पद्मश्री मिळालेली नाही, ही उणीव सरकारने भरून काढावी.

एका जागी मात्र माझा नमस्कार अडतो. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. दहा बाळे गेली. आग लागली ती आउटबॉर्न विभागात. दुसरीकडे जन्मलेली आणि मग तिथे पाठवलेली बाळे जिथे ठेवतात, ती ही जागा. आग तुम्ही लावली नाही, बाई. तुम्ही फक्त पोहोचवता. पोहोचवता तिथे काय आहे, याची चौकशी करणे तुमच्या कामात येत नाही.

असो. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे पंतप्रधानांनी दूरदृश्य पद्धतीने उद्घाटन केले. त्यात भंडाराही होते. तुमची नोकरी गेली, असे आमच्या चहाच्या टपरीवर काहीजण बोलले. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तिथल्या शंभर पोरांना डॉक्टर व्हायला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे लागतात, आणि त्यांतली किती कोंढ्याकडे वळतील, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

आता शेवटची, पायावर डोके ठेवून केलेली विनंती. यायचेच तर अवश्य या, पण कोऱ्या येऊ नका. साप किती वाजता चावला, किती वायल दिल्या, नळीतले रक्त गोठले की नाही आणि पुढच्या दवाखान्यात फोनवर कुणाशी बोलणे झाले, एवढे अंगावर लिहून आणा. पेन मिळत नसेल तर संकोच न करता कळवा. रोवणीच्या मजुरीतून आम्ही वर्गणी काढू.

आपला आजन्म ऋणी आणि अजून तरी धडधाकट,
कोंढ्याचा एक शेतकरी