आधी पाणी भर

बापाच्या खुनाचा बदला घ्यायचा म्हणून पोरगं शंभर कोस चालून आलंय. पायांत वहाण नाही, डोळ्यांत अंगार. दाराशी बसलेला म्हातारा वर न बघताच म्हणतो, “आधी पाणी भर.”

हा चिनी सिनेमातला शिफू. मँडरिनमध्ये शिफू, कँटोनीजमध्ये सिफू. हाक म्हणून हाच शब्द टॅक्सीवाल्याला चालतो, नळ दुरुस्त करणाऱ्याला चालतो आणि आचाऱ्यालाही चालतो. आपले वस्ताद आणि मिस्त्री एकाच खुंटीला टांगावेत तसा. फरक दिसतो तो लिहिताना. गुरू असेल तर शेवटचं अक्षर ‘बाप’ या अर्थाचं. त्यामुळे जेवण, झोप आणि मार या तिन्ही खात्यांत त्याचा शब्द अखेरचा.

दाढी पांढरी, छातीपर्यंत. विचार करायचा असला की तो ती कुरवाळतो. नसला तरी कुरवाळतो. आणि तुम्ही जे शिकायला आलात ते सोडून बाकी सगळं तो शिकवतो. ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८) बघा. मांचूंचा सूड घ्यायला मठात आलेल्या तरुणाचा पहिला धडा म्हणजे जेवायला जाणे. भोजनगृहाच्या वाटेवर पाणी, पाण्यात तरंगती लाकडं, त्यांवर पाय टेकून पलीकडे उडी. चुकली की धपकन पाण्यात. पुढचा धडा अर्थातच पाणी भरण्याचा. हात आडवे पसरून दोन बादल्या वाहायच्या आणि दंडांना सुऱ्या बांधलेल्या; हात खाली आला की टोक बरगडीत. आम्हीही लहानपणी चाळीतल्या नळावरून बादल्या वाहिल्या. सुऱ्या नव्हत्या, पण जिन्याच्या तोंडाशी आई उभी असे.

दिग्दर्शक लाउ कार-लेउंगला हे सगळं घरातूनच ठाऊक होतं. त्याचे वडील लाम साय-विंगचे शिष्य आणि लाम हा वाँग फेइ-हुंगचा. आता हे वाँग म्हणजे शिफूंचे शिफू. ग्वांगदोंग प्रांतात खरोखर होऊन गेलेले वैद्य आणि कुंगफूचे गुरू. १९४९पासून हाँगकाँगमध्ये क्वान ताक-हिंग या नटाने त्यांना पडद्यावर उभं केलं, ते सत्तरहून अधिक सिनेमांत. एकट्या १९५६ साली या वाँग गुरुजींचे पंचवीस सिनेमे आले. म्हणजे दर पंधरवड्याला एक प्रवचन! कारण गुरुजी मारण्याआधी समजावतात आणि मारून झाल्यावर पुन्हा समजावतात. समोर खलनायक बहुतेक वेळा शेक किन. त्याने ही प्रवचनं वर्षानुवर्षं ऐकली आणि १९७३ साली ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये तो लोखंडी पंजा लावून ब्रूस लीसमोर उभा राहिला. नीतिपाठाचा परिणाम किती, तो बघा.

इतकी वर्षं पूजा झाल्यावर कुणीतरी देवळात शिट्टी मारणारच होतं. १९७८च्याच ‘ड्रंकन मास्टर’मध्ये हेच पूज्य वाँग उनाड कार्टं होऊन येतात, जॅकी चॅनच्या अंगाने. त्याला वठणीवर आणायला येतो भिकारी सो: लाल नाक, विस्कटलेले केस, कमरेला दारूचा भोपळा. पण सवय तीच. पोराला उलटं टांगून तो खालच्या बादलीतलं पाणी इवल्या पेल्यांनी वरच्या बादलीत भरायला लावतो. पाणी सुटत नाही म्हणजे नाही! हा बेवडा रंगवणारे युएन सिउ-तिएन हे दिग्दर्शक युएन वू-पिंगचे सख्खे वडील. जन्मदात्याला लाल नाक लावून कॅमेऱ्यासमोर झिंगायला सांगायचं, हे मुलाने सुखरूप पार पाडलं. आमच्या घरी असा प्रस्ताव मांडायची माझी छाती नाही.

शिफूच्या हातात छडी येते तिथे हसू जरा अडतं. चेन काइगेच्या ‘फेअरवेल माय कॉन्क्युबाइन’मधला (१९९३) बीजिंग ऑपेराचा गुरू पोरांना इतका मारतो की आपण खुर्चीत पाय आखडून घेतो. त्याचे दोन शिष्य पुढे शहरभर गाजलेले नट होतात, तरी त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून मार खातात. खऱ्या हाँगकाँगमध्येही असे एक गुरू होते, यू जिम-युएन. जॅकी चॅन आणि सॅमो हंग त्यांच्याच शाळेत उलटे-सुलटे होऊन वाढले. १९८८च्या ‘पेंटेड फेसेस’मध्ये सॅमोने या गुरूचीच भूमिका केली आणि पडद्यावरच्या छोट्या सॅमोला शिस्त लावली. हा गुरुदक्षिणेचा प्रकार की वसुलीचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच शाळेतले आणखी दोघे, युएन वा आणि युएन चिउ, ‘कुंगफू हसल’मध्ये (२००४) चाळमालक आणि मालकीण झालेत. दोघंही महागुरू, पण ते कळायला अर्धा सिनेमा जातो, कारण मालकीणबाई केसांना कर्लर लावून, तोंडात सिगारेट धरून भाडं थकवणाऱ्यांवर ओरडत असतात. आणि पाणी? पाण्याचा नळ त्या बंद करतात. एवढा एक बदल शिफूच्या घराण्यात झाला.

खरं तर शिफूची पडती त्याआधीच सुरू झाली होती. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मध्ये (२०००) जेड फॉक्स ही गुरूबाई विद्येची पोथी चोरते; पण तिला त्यातली फक्त चित्रं कळतात. शिष्या लिहिणं-वाचणं शिकलेली, ती गुपचूप मजकूरही वाचते आणि बाईंच्या पुढे निघून जाते. मग ली मू-बाय नावाचा थोर तलवारबहाद्दर त्याच मुलीमागे बांबूच्या शेंड्याशेंड्यांवरून हिंडतो. कशासाठी? तर तिने त्याची शिष्या व्हावं म्हणून. जिथे पोरं दारात तिष्ठत बसायची तिथे आता गुरूच ॲडमिशन घेऊन दारोदार! झांग यीमोच्या ‘नॉट वन लेस’मध्ये (१९९९) तर गुरू तेरा वर्षांची आहे. खेड्यातली बदली शिक्षिका, खडू मोजून मिळालेले, पगाराची खात्री नाही. शहरात कामाला गेलेल्या विद्यार्थ्याला शोधायला बसभाडं हवं, म्हणून ती अख्ख्या वर्गाला विटा उचलायला लावते आणि त्या हिशेबावरच गणित शिकवते. दाढी नसली तरी रक्त शिफूचंच.

पण माझा लाडका शिफू वेगळाच. अँग लीचा पहिला सिनेमा, ‘पुशिंग हँड्स’ (१९९१). चू नावाचे ताय-ची गुरू बीजिंगहून न्यूयॉर्कला मुलाकडे राहायला येतात. सून अमेरिकन, लेखिका. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. हे टीव्हीवर ऑपेरा लावणार, तिचं लिखाण अडणार. हे चकचकीत धातूच्या कागदातलं अन्न तसंच मायक्रोवेव्हमध्ये सारणार, ती किंचाळणार. शेवटी म्हातारा घर सोडतो आणि चायनाटाउनच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागतो. मालकाच्या मते तो फार सावकाश घासतो. मालक चालता हो म्हणतो. म्हातारा जागचा हलत नाही. चार माणसं ढकलतात, गुंड येतात, पोलीस येतात. म्हातारा मोरीपुढे उभा तो उभाच. सिहुंग लुंग या नटाने तो असा उभा केलाय की आपल्यालाही खुर्चीतून उठवत नाही.

चिनी सिनेमा पहिल्यांदाच बघणार असाल तर सुरुवात इथून करा. उड्या आणि तलवारी नंतर. पावणेदोन तास लागतील. बसण्याआधी तेवढी भांडी घासून ठेवा.