थम्स अप की गोल्ड स्पॉट?

"काहीही बदलणार नाही," असं साहेबांनी माईकवरून सांगितलं आणि त्या रात्री आमच्या खात्यातल्या प्रत्येकानं पीएफचं पासबुक उघडून पाहिलं. आमची कंपनी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत शेतीचे पंप बनवते. ती मुंबईच्या एका बड्या कंपनीनं विकत घेतली. ही बातमी साहेबांच्या आधी गेटसमोरच्या चहावाल्यानं फोडली होती. त्याच्याकडं पुरावाही भक्कम होता : "टाय लावलेली माणसं आली, कटिंग सोडून फुल चहा घेतला, आणि वर बिल मागितलं!"

मग ही टायवाली मंडळी माझ्या स्टोअरमध्ये येऊ लागली. साहेब भाषणात या सौद्याला 'दोन घराण्यांचं लग्न' म्हणाले होते. म्हणजे आम्ही रुखवत. मंडळी वाकून वाकून पाहायची आणि न बोलता काहीतरी लिहून घ्यायची. त्यांनी इम्पेलर मोजले, बेअरिंग मोजली, भंगारात निघालेली फोर्कलिफ्टसुद्धा मोजली. माझ्या खुर्चीला नंबराचं स्टिकर लावलं, मला मात्र कुणी लावलं नाही. मी जरा हिरमुसलो. अकाउंट्सचे नाना म्हणाले, "अरे, माणसं ताळेबंदात मालमत्ता म्हणून धरत नाहीत. मालमत्तेच्या किमतीपेक्षा जे जास्तीचे पैसे मोजले, ते 'गुडविल' म्हणून दाखवतात. त्यात कुठे सापडतोस का बघ." पगारवाढीच्या वेळी मात्र आम्ही खर्चाच्या बाजूला न शोधता सापडतो.

युनियनच्या सेक्रेटरींनी कायद्याचं पुस्तक बाहेर काढलं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 25-एफएफ नावाचं कलम होतं. उद्योग एका मालकाकडून दुसऱ्याकडं गेला तर कामगाराला नोटीस आणि भरपाई; नोकरी खंड न पडता, पहिल्याइतक्याच चांगल्या अटींवर चालू राहिली तर भरपाई नाही. सेक्रेटरींनी ते खणखणीत आवाजात वाचलं. एचआरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, कारखाना विकलेलाच नाही, नुसते शेअर विकलेत. तुमची कंपनी तीच आहे. तिचा मालक तेवढा बदललाय."

म्हणजे कायद्याच्या लेखी आमच्या बाबतीत काही घडलंच नव्हतं. या न घडलेल्या गोष्टीनं पहिल्याच महिन्यात कॅन्टीनमधली बुधवारची मिसळ गिळली आणि तिच्या जागी उकडलेले मूग आणून ठेवले. नाशिककराची मिसळ बंद करण्याला कुठलं कलम लागतं, ते सेक्रेटरी अजून शोधताहेत.

धीर द्यायला पुण्याचा मेहुणा होता. तो पटनी कॉम्प्युटर्समध्ये लागला. 2011 मध्ये पटनी आयगेटनं घेतली आणि 2015 मध्ये आयगेट कॅपजेमिनीनं. "खुर्ची न सोडता तीन कंपन्यांचा अनुभव," असं तो छाती फुगवून सांगतो. गळ्यातली जुनी ओळखपत्रं त्यानं अजून जपून ठेवलीत. घरात कुणी ऐकेनासं झालं की ती काढून पुसत बसतो.

पण खरा सिद्धांत मांडला तो नानांनी. 1993 मध्ये पार्लेच्या चौहानांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट कोका-कोलाला विकली. कोका-कोलाकडं स्वतःचा कोला होताच, तरी थम्स अप टिकलं, कारण गिऱ्हाईक तेच मागत राहिलं. गोल्ड स्पॉट गेलं, कारण त्यांच्याकडं फँटा होतं. "तेव्हा प्रत्येकानं आपापलं बघा," नाना म्हणाले, "तुम्ही थम्स अप की गोल्ड स्पॉट?"

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात दुसरा विषय नव्हता. फाउंड्रीवाले थम्स अप, कारण मुंबईवाल्यांकडं फाउंड्रीच नाही. ट्रेनिंग विभाग गोल्ड स्पॉट. एचआरच्या बाई मिसळ बंद करून थम्स अप व्हायला गेल्या आणि मुंबईहून दुसऱ्या एचआर बाई आल्यावर गोल्ड स्पॉट ठरल्या. चौहानांनी बिसलेरी मात्र स्वतःकडंच ठेवली होती. तशी आमच्या जुन्या मालकांनी कोणती वस्तू ठेवली, याचाही शोध लागला : त्र्यंबक रोडचा बंगला आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर त्या दिवसापासून आमच्याशी जरा तोऱ्यातच बोलतो. नाना स्वतः निवृत्तीला टेकलेले. "मी लिम्का," ते म्हणाले, "कुणी नावाजत नाही, पण चालू आहे."

पंपाचा निकाल मात्र बाजारानं लावला. नव्या मंडळींनी आमचा हिरवा रंग काढून निळा दिला आणि नावाची पट्टी बदलली. निफाडच्या डीलरचा फोन आला, "शेतकरी निळ्या पंपाला हात लावून बघतात आणि 'हिरवा आला की सांगा' म्हणून निघून जातात." सीझन हातचा जातोय म्हटल्यावर वरून हुकूम सुटला : हिरवा रंग परत, जुन्या नावाच्या पट्ट्या ताबडतोब मागवा.

त्या पट्ट्या अंबडचा एक कारागीर करायचा. उलाढाल कमी म्हणून नव्या सिस्टिमनं त्याचा व्हेंडर कोड बंद केला होता. कोड पुन्हा उघडायचा तर मुंबईची मंजुरी, आणि मंजुरीच्या फॉर्ममध्ये एक रकाना : 'बदलाचे कारण'. मी लिहिलं, "काहीच बदलू नये म्हणून." सिस्टिमनं फॉर्म परत पाठवला. कारण किमान शंभर अक्षरी हवं.