डेप्युटीसाहेबांची साइट

सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस ओळखायला सोपा असतो. तो चालताना समोर बघत नाही, रस्त्याकडे बघतो. आणि खड्डा दिसला की खुश होतो, कारण तो त्याच्या कारकिर्दीतला नसतो. आमच्या मजल्यावरचे डेप्युटीसाहेब हे याच वाणाचे. निवृत्तीनंतर त्यांनी सोसायटीची पाण्याची टाकी, देवळाचा सभामंडप आणि व्याह्यांचा बंगला अशा तीन साइटवर बिनपगारी देखरेख केली. तिन्हीकडून त्यांना हात जोडून निरोप मिळाला. मग नातवाने त्यांना लॅपटॉपवर 'फॅक्टोरिओ' लावून दिला आणि सगळ्या इमारतीवरचं संकट टळलं.

प्राग शहरातल्या वूब सॉफ्टवेअर या कंपनीचा हा खेळ. बरीच वर्षं अर्धवट अवस्थेतच लोक तो खेळत होते, २०२० च्या ऑगस्टमध्ये तो पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. (ही तारीख ऐकून साहेब म्हणाले, "म्हणजे कम्प्लीशन सर्टिफिकेटच्या आधीच वापर सुरू. आपल्यासारखंच.") तुमचं यान नॉविस नावाच्या परक्या ग्रहावर आदळतं. तुम्ही इंजिनिअर, हाताशी जवळजवळ काही नाही. लोखंड-तांबं खणायचं, वितळवायचं, पट्ट्यांवरून फिरवायचं आणि कारखाना वाढवत नेऊन शेवटी रॉकेट उडवायचं. पट्ट्यांची भानगड नातवाने निस्तरली. साहेब रमले ते बांधकाम करणारे उडते रोबो कामावर रुजू झाल्यानंतर.

त्याची रीत अशी. रोबोपोर्ट नावाचं ठाणं उभारायचं. त्याच्याभोवती ११० बाय ११० चौकटींचा इलाखा बांधकामाच्या रोबोंचा. त्यात आराखडा ठेवला की जमिनीवर यंत्रांच्या निळसर छाया उमटतात. पेटीत माल असला की रोबो उठतात, माल उचलतात, छायेच्या जागी खरं यंत्र बसवतात आणि ठाण्यात परत जातात. टेंडर नाही, वर्क ऑर्डर नाही, नारळसुद्धा नाही. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"अरे, थांबव त्यांना! सँक्शन कुणी दिली?"

"तुम्हीच आत्ता क्लिक केलंत, आजोबा."

"ते मी नुसतं बघायला ठेवलं होतं."

खरं सांगायचं तर साहेबांचा दरारा होता तो काम करण्याबद्दल नव्हताच, अडवण्याबद्दल होता. त्यांनी पेनचं टोपण काढलं नाही म्हणून ठेकेदार दुपारभर व्हरांड्यात बसून असत. इथे अडवायला कुणीच नाही. रोबो उचल मागत नाहीत, वाळूचा ट्रक अडकलाय असं सांगत नाहीत, लग्नसराईत गावी जात नाहीत. इतकं बिनबोभाट काम साहेबांच्या अंगी लागेना, म्हणून त्यांनी खात्याच्या रीती स्वतःच नॉविसवर नेल्या. लॅपटॉपशेजारी जाड पुठ्ठ्याची वही आली. ती एम.बी., म्हणजे मोजमाप पुस्तिका. रोबोंनी भिंत बांधली की साहेब पडद्यावर बोट ठेवून चौकटी मोजतात, वहीत चढवतात, 'तपासले' असा शेरा मारून सही करतात. नातू कॉपी-पेस्ट करून सौर पॅनेलांचं अख्खं शेत उभं करतो, तेव्हा साहेब आधीच्या भिंतीच्या तिसऱ्या ओळीत असतात. काकूंचं म्हणणं एवढंच, की निवृत्तीनंतर डबा बंद झाला होता, तो आता चहाच्या रूपाने पुन्हा साइटवर पोचवावा लागतो.

एक गोष्ट मात्र त्यांना परग्रहावरही ओळखीची भेटली. माल संपला की पडद्यावर इशारा लुकलुकायला लागतो : बांधकामाचं साहित्य उपलब्ध नाही. तो दिसला आणि साहेबांचा चेहरा उजळला. "बघ! मी म्हणत होतो ना!" त्या संध्याकाळी ते मोकळेपणाने जेवले.

एका ठाण्यावर एका वेळी चारच रोबो चार्ज होतात. शेकडो रोबो एकदम कामाला जुंपले की उरलेले वर घिरट्या घालत नंबराची वाट बघतात. उपाय साधा आहे : आणखी ठाणी. साहेबांनी रोबो वाढवले. घिरट्या वाढल्या. तेव्हा आणखी वाढवले. काम रखडलं म्हणजे माणसं कमी, हे निदान खात्यात कधी चुकलं नव्हतं. किंवा चुकल्याचं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. शिवाय हे रोबो नाकासमोर सरळ उडतात. ठाणी तळ्याच्या काठाकाठाने बांधली असली तरी हा गडी काठ सोडून थेट पाण्यावरून निघतो आणि मध्यावर त्याची बॅटरी संपते. तो पडत नाही, पण रखडत, कण्हत सरकतो. नातवाला त्याचा राग येतो, साहेबांना येत नाही. "बदलीच्या गावी माणूस असाच जातो," म्हणतात.

अतिक्रमण हटवण्याच्या दिवशी तर कहर झाला. जुन्या भट्ट्या पाडायच्या म्हणून साहेबांनी लाल चौकट ओढली. त्यात विजेचे खांब आले, एक ठाणंही आलं. रोबोंनी सगळं निमूट उचकटून पेटीत भरलं आणि अर्ध्या कारखान्यात अंधार झाला. साहेब सुन्न. "एकानेही विचारू नये? साहेब, खांबसुद्धा काढायचे का, म्हणून?" त्यांच्या हाताखालचा मुकादम निदान कान खाजवत उभा राहिला असता. नातवाने कंट्रोल-झेड दाबलं, रोबोंनी खांब पुन्हा रोवले. साहेबांना ते जास्तच लागलं. ना चौकशी, ना खुलासा, ना कुणाची वेतनवाढ रोखली.

या खेळात एक पदक आहे. त्याच्या नावातच आळशी म्हणून शिवी घातलेली आहे. हाताने १११ पेक्षा जास्त वस्तू न बनवता शेवटापर्यंत पोचायचं, बाकी सगळं यंत्रांकडून. भलेभले खेळाडू त्यासाठी आधीपासून आखणी करतात. "यात अवघड काय?" एवढंच साहेब म्हणाले.

सध्या रॉकेटचा तळ बांधून तयार आहे; उड्डाण नातवाच्या परीक्षेनंतर. तोवर सगळे रोबो ठाण्यात बसून. बसलेला रोबो काही खात-पीत नाही, हे नातवाने परोपरीने सांगितलं. पण साहेबांची नोकरी सुरू झाली ती रोजगार हमीच्या कामांवर. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, हा १९७७ चा कायदा त्यांना अजून पाठ आहे.

"पण आजोबा, ते मागतच नाहीत!"

"मागत नाहीत म्हणून द्यायचं नाही?"

आणि रस्त्याचं काम निघालं. दगडी विटांचा, चांगला रुंद, झाडं तोडत, वाटेत ठाणी उभारत पूर्वेकडे सरळ. तोडलेल्या लाकडाने पेट्या भरल्या. त्याचा लिलाव काढता येत नाही याची साहेबांना हळहळ. परवा नातवाने अभ्यासातून डोकं वर काढून नकाशा पाहिला. रस्ता किड्यांच्या वसाहतीच्या थोडा अलीकडे तुटला होता. पलीकडे काही नाही, अलीकडे वाहन नाही.

"आजोबा, हा रस्ता जातो कुठे?"

"इतक्यात कुठे जाईल?" साहेब वहीत सही करत म्हणाले. "पुढचं भूसंपादन व्हायचंय."