तीन मीटर मांजरपाट

तैलरंग शिकायचं ठरवलेला माणूस पहिल्या उत्साहात जी खरेदी करतो, तिच्यातली एक वस्तू हमखास कोरी राहते. रंगांच्या ट्यूबा पिळून संपतात, ब्रशांचे केस झडतात, जवसाच्या तेलाची बाटली कधी ना कधी लवंडते. पण अस्सल लिननचा, पाठीवर सोनेरी लेबल असलेला तो महागडा कॅनव्हास मात्र प्लास्टिकसकट कपाटावर उभा असतो. जरा हात बसू दे, मग काढू त्याच्यावर, असं रोज ठरतं. पाहुण्यांसाठी म्हणून शोकेसमध्ये ठेवलेल्या कपबश्यांसारखी त्याची गत होते. त्या तोलामोलाचे पाहुणे काही येत नाहीत.

म्हणून नवशिक्यानं कॅनव्हास स्वस्तातला घ्यावा, या मताचा मी आहे. इतका स्वस्त, की झाडाचं खोड चुकलं तर रंग सुरीनं खरवडावा, पुन्हा चुकलं तर कापड उचकटून त्याच चौकटीवर दुसरं ठोकावं, आणि रात्री शांत झोप लागावी. महागड्या कॅनव्हाससमोर माणूस चित्र काढत नाही, परीक्षेला बसतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट देऊन झाल्यावर पुन्हा तो ताप कशाला?

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे तयार कॅनव्हास बोर्ड, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेलं कापड, लहान अभ्यासाला बरे असतात. पावसाळ्यात ते पापडासारखे वळतात, पण पापडाइतकेच लवकर संपतातही, तेव्हा तक्रार नाही. चौकटीवर ताणलेला तयार स्वस्त कॅनव्हास घ्यायचा तर मात्र तीन गोष्टी कराव्यात. तो उजेडासमोर धरावा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर अस्तर अपुरं आहे, तेल त्यातून मागे जाणार. पृष्ठभागावर बोट घासावं. बोट पांढरं झालं तर अस्तरातला खडू सुटतोय. आणि तो जमिनीवर आडवा ठेवून चारही कोपरे टेकतात का ते बघावं. दुकानदार याच सुमाराला "काका, घ्यायचा असेल तरच हात लावा" म्हणतो. म्हणू द्यावं.

यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा चांगला मार्ग कापडाच्या दुकानातून जातो. तिथे मांजरपाट मिळतो. कशाला हवाय, हा प्रश्न तिथे ठरलेला, कारण परकराच्या अस्तराला एक जात, गादी-उशीच्या खोळीला दुसरी, कुरडया वाळत घालायला तिसरी. रविवार पेठेतल्या एका दुकानात मी "कोरा मांजरपाट, तीन मीटर" म्हटल्यावर गल्ल्यावरच्या काकांनी आवाज एकदम खाली आणला. "घरातलं कोणी...?" मी घाईघाईनं चित्रकलेचं सांगितलं. त्यांचा जीव भांड्यात पडला, पण पोऱ्यानं तोवर कात्री काढून, घासाघीस न करता, सहानुभूतीचा भाव लावला होता. तो त्यांनी लगेच दुरुस्त केला.

कापड घेताना घडी उलगडून रस्त्याच्या बाजूला धरायची. धाग्यांमधून पलीकडच्या रिक्षा दिसल्या तर ते कापड चक्का टांगायला उत्तम, चित्राला नको. उभा आणि आडवा धागा साधारण सारख्या जाडीचा असावा, नाहीतर ताणताना एका दिशेला देतं आणि दुसऱ्या दिशेला अडून बसतं. मोठ्या गाठी असलेला भाग टाळावा. ऐन नाकाच्या शेंड्यावर ती गाठ येते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पन्हा मोजून घ्यावा आणि चौकटीच्या चारही बाजूंना मागे वळवायला तीन-तीन इंच जादा धरावं. गादीपाट मिळाला तर आणखी छान. त्याच्या निळ्या पट्ट्यांची लाज बाळगू नये, अस्तराखाली त्या झाकल्या जातात.

या गरिबीला इतिहासाचा चांगला आधार आहे. कॅनव्हास युरोपात रुळला त्यात व्हेनिसचा मोठा वाटा. तिथल्या दमट हवेत भिंतीवरची चित्रं टिकेनात, आणि जहाजांच्या शिडांचं कापड तर गावात मुबलक. १८८८ साली आर्ल गावात गोगँनं वीस मीटर तागाचं जाडंभरडं कापड आणलं आणि तो नि व्हॅन गॉग, दोघांनीही त्याच्यावर चित्रं काढली. पुढे १८९०मध्ये कॅनव्हास संपला तेव्हा व्हॅन गॉगनं चित्रकार दोबिनीची बाग रंगवली ती लाल पट्ट्यांच्या, भांडी पुसायच्या कापडावर. आपल्याकडे बाबुराव पेंटरांसारखा माणूस सिनेमाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होता. तेही कापडच.

चौकट सुताराकडून करून घेताना त्याला एक गोष्ट पटवावी लागते, आणि ती त्याला पटत नाही. पट्टीच्या पुढच्या अंगाला, आतल्या बाजूकडे उतार हवा, म्हणजे कापड फक्त बाहेरच्या कडेवर टेकेल. सपाट पट्टी असली की ब्रशच्या दाबानं कापड तिला लागतं आणि चित्राच्या चहूकडे आत एक रेघ उमटते. आमच्या सुतारानं शांतपणे विचारलं, "साहेब, पुढनं कापड येणार ना? मग उतार दिसणार कुणाला?" या तर्काला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी बाहेरच्या कडेनं पातळ बिडिंग ठोकायचं ठरलं. कापड तेवढंच उचललं जातं आणि सुताराचा स्वाभिमानही राहतो. बाकी, चौकट गुण्यात आहे की नाही हे दोन्ही कर्णांना सुतळी लावून तपासावं. लाकूड सागवानी नको, पण वाळलेलं हवं. ओल्या लाकडाची चौकट महिन्याभरात पीळ खाते.

आता धुणं. कोऱ्या कापडात गिरणीची खळ असते आणि ते पहिल्या पाण्यात आटतं. रात्रभर गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच ताणावं. एका बाजूच्या मध्यावर एक चूक ठोकायची, मग समोरच्या बाजूच्या मध्यावर, तसंच उरलेल्या दोन बाजूंना, आणि तिथून दोन-दोन इंचांवर कोपऱ्यांकडे सरकायचं. कोपऱ्यापासून सुरुवात करणाऱ्याच्या कापडाला शेवटी मध्यभागी झोळ येतो. फार आवळूही नये, कारण पुढे पातळ सरस लागला की कापड स्वतःच आणखी ओढून घेतं.

मूळ मुद्दा इथे येतो. कापडात काटकसर चालते, अस्तरात चालत नाही. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. ते सुती धाग्यात थेट मुरलं तर धागा पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो, आणि काही वर्षांनी कापड बोट लावलं तरी फाटतं. म्हणून तेल आणि धागा यांच्यामध्ये सरसाचा आडपडदा हवा. जुने युरोपीय चित्रकार सशाच्या कातड्याचा सरस लावत. तो आपल्या हवेत कामाचा नाही. पावसाळ्यात ओलावा ओढून कॅनव्हास सैल पाडतो. त्याऐवजी एक वाटी फेव्हिकॉल तीन वाट्या पाण्यात कालवून पुढून पातळ हात द्यावा आणि वाळू द्यावा.

मग पांढरं अस्तर. दुकानात मिळणारा तयार जेसो सर्वांत बिनधोक, पण डबा लहान आणि किंमत ताठ. घरी करायचं तर एक वाटी फेव्हिकॉल, तितकंच पाणी, दोन वाट्या चाळलेली खडूची पूड, म्हणजे रंगाच्या दुकानातली व्हायटिंग, आणि पाव वाटी टायटॅनियम पांढऱ्याची पूड. पूड चाळलीच पाहिजे. गुठळी ब्रशखाली फुटते आणि तिथे पांढऱ्या शेपटीचा धूमकेतू उमटतो. पहिला हात उभा, वाळल्यावर दुसरा आडवा, मध्ये बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं, मग तिसरा. तिसऱ्या हातानंतर तळवा फिरवला की विणीची नुसती चाहूल लागते, खरखर लागत नाही. एवढंच हवं. खडू वाढवून पैसे वाचवण्याचा मोह टाळावा, कारण खडू जास्त झाला की कापड जरा दबताच अस्तराला तडा जातो.

हे सगळं स्वयंपाकघरात चालत असेल तर घरच्यांचा एकच प्रश्न असतो, "हे पातेलं परत दुधाला लागणार आहे का?" नाही. ते आता आपलं.

रंगाचा दुकानदार "त्यापेक्षा डिस्टेंपर न्या, त्यात खडू नि गोंद आलंच की" म्हणेल. ऐकू नये. भिंतीला ते ठीक आहे, पण तैलरंगातलं तेल ते असं पिऊन टाकतं की संध्याकाळी लावलेला लखलखीत लाल सकाळी विटकरीच्या भुग्यासारखा दिसतो.

कापड, चौकट, खिळे यांचाही कंटाळा असेल त्यानं हार्डबोर्डकडे जावं. मोनालिसासुद्धा कापडावर नाही, पॉप्लरच्या फळीवर आहे. प्लायवुडच्या दुकानात उरलेले तुकडे मातीमोल मिळतात. गुळगुळीत बाजू पॉलिश पेपरनं खरडावी आणि अस्तर दोन्ही बाजूंना व कडांनाही द्यावं. एकाच बाजूला दिलं की बोर्ड वाकतो. त्याहून कमी खर्च हवा तर जाड कागदाला दोन हात अस्तर पुरे. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलनं १८२१-२२मध्ये हॅम्पस्टेडच्या ढगांचा अभ्यास कागदावरच तैलरंगात केला, आणि तो आजही शाबूत आहे.

राहता राहिली घाई. घरचं अस्तर तीन-चार दिवस वाळू द्यावं, पावसाळ्यात आठवडाभर, आणि तयार कॅनव्हास ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये, पाठीला बुरशी धरते. अस्तराचं काम ऑक्टोबरच्या उन्हात करणं सगळ्यांत सोयीचं. तोवर मांजरपाट आणून धुऊन ठेवा, आणि दुकानात शिरताना मोठ्यानं सांगा, "काका, चित्र काढायला हवाय."