थोरलीच्या मनातलं

मूल गप्प बसलं की आपल्याकडे आधी त्याच्या पोटाची चौकशी होते. ओवा देऊन झाला की मीठ-मोहऱ्या ओवाळतात, आणि तरीही तोंड उघडलं नाही तर सगळा दोष मोबाईलचा. पोराचा कुणावर जीव जडला असेल, ही शंका घरात सगळ्यांत शेवटी येते. शेजारच्या काकूंना ती महिनाभर आधीच आलेली असते.

राजघराण्यात तरी वेगळं काय? ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी बायकामुलांसकट रत्नागिरीत आणून ठेवलं. पदरात चार मुली. त्या मोठ्या होऊ लागल्या तशी स्थळांची काळजी सुरू झाली. जावई हवा राजरक्ताचा, आणि तो मांडवीच्या बंदरावर उतरणार कुठून! राजा सरकारला अर्ज लिहीत राहिला. त्यात तनख्याचा विचार होता, इभ्रतीचा होता. पोरींना कुणी आवडलंय का, हा रकाना नव्हता.

थोरलीने तो परस्पर भरला. घरच्या दरवानावर, गोपाळ सावंतांवर, तिचं मन बसलं आणि १९०६च्या सुमारास त्यांची मुलगी टूटू जन्मली. बाहेरून कोण येतंय हे बघायला माणूस नेमला होता. त्याच्याकडे आतून कोण बघतंय, हे बघायला कुणीच नव्हतं. टेकडीवरचा थिबा पॅलेस पुरा झाला १९१०मध्ये. तोवर टूटू चांगली दुडदुडू लागली होती. पुढे दुसरीनेही आपल्याच पसंतीने लग्न केलं. टूटू मात्र रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलत, इथलाच संसार करत.

गंमत अशी, की राणी सुपायालतने स्वतः थिबावर लग्नाआधीच जीव टाकला होता. पण आई झालं की माणूस आपलं सोळावं वरीस ट्रंकेत घालून कुलूप लावतं, आणि किल्ली कुठे ठेवली तेही विसरतं.

आजही रत्नागिरीच्या थिबा पॉईंटवर संध्याकाळी क्लासच्या वेळेत बरीच दप्तरं दिसतात. त्याच वेळी घरी आई कुणाला तरी सांगत असते, "आमची अजून लहान आहे हो, अभ्यासाशिवाय काही सुचत नाही तिला." अशा आईबाबांना एकदा विचारून पाहा, भाट्याची खाडी सूर्यास्ताला कुठून छान दिसते. दोघंही जागा बिनचूक सांगतील. लग्नाआधी तिथे कुणाबरोबर गेला होतात, हे मात्र दोघांना एकत्र असताना विचारू नका.