रावसाहेबांची आणेवारी

मनुष्य सरकारी नोकरीतून निवृत्त होतो तेव्हा त्याचे दप्तर, त्याचा शिपाई, त्याची खुर्ची आणि खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल ही सर्व मालमत्ता कचेरीतच राहते. परंतु शेरा मारण्याची जी शक्ती तीस-पस्तीस वर्षांच्या अखंड साधनेने त्याच्या उजव्या हाताच्या बोटांत उतरलेली असते, ती मात्र निरोपसमारंभाच्या शाल-नारळाबरोबर त्याच्या घरी येते, आणि मग तिला कोठे ना कोठे वाट करून द्यावी लागते. कोणी ती सोसायटीच्या हिशेबांवर खर्च करतो, कोणी सुनेच्या स्वयंपाकावर, कोणी वृत्तपत्रांच्या संपादकांना लिहावयाच्या पत्रांवर. अलीकडे या मंडळींत एक नवा पोटभेद उत्पन्न झाला आहे. तो घरबसल्या चहाची परीक्षा करतो. पुण्यातल्या प्रत्येक पेठेत आणि कोथरूडच्या प्रत्येक गृहसंस्थेत त्याचा एखादा तरी नमुना आढळतो, म्हणून त्याला नावगाव देण्याचे प्रयोजन नाही. आपण त्याला नुसते रावसाहेब म्हणू.

रावसाहेब महसूल खात्यात होते. पिकांची आणेवारी ठरविणे आणि बिनशेती परवानगीच्या प्रकरणांत त्रुटी काढणे, ही दोन कामे त्यांनी ज्या निष्ठेने केली त्या निष्ठेने इतरांनी देवपूजा केली असती तर पुण्यात नवस बोलण्याची कोणाला गरज उरली नसती. अशा या कर्तबगार पुरुषाला लंडनमधल्या मुलाने एका दिवाळीला निरनिराळ्या चहांची बारा खणांची एक पेटी धाडली. वहिनींनी ती हुंगून ‘वास बरा आहे’ एवढा अभिप्राय दिला व फराळाच्या डब्यांमागे ठेवून दिली. रावसाहेबांना मात्र त्या पेटीत मोजणी न झालेला एक अख्खा तालुका दिसला.

प्रथम त्यांनी कायद्याची माहिती काढली. चहा चाखण्याकरिता तो कसा तयार करावा याविषयी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने 1980 साली एक रीतसर मानक प्रसिद्ध केलेले आहे: शंभर मिलिलिटर पाण्यास दोन ग्रॅम पत्ती, पाणी खळखळते, भांडे चिनीमातीचे, वर झाकण, मुदत सहा मिनिटे. चहालाही परिपत्रक आहे हे कळले त्या दिवशी रावसाहेबांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. त्याच परिपत्रकात दूध घालूनही परीक्षा करण्याची तरतूद आहे, हे वहिनींनी निदर्शनास आणून दिले असता, ते कलम ऐच्छिक आहे असा निर्णय देऊन त्यांनी तो मुद्दा दप्तरदाखल केला. मग सोनाराकडचा असावा तसा एक नाजूक काटा आला. हिरव्या चहाला ऐंशी अंशांपेक्षा अधिक ऊन पाणी सोसत नाही, तो कडवट होतो, म्हणून एक तापमापक आला. आणि वाळूचे एक घड्याळ आले, जे पाच मिनिटांचे निघाल्यामुळे सहावे मिनिट रावसाहेब मनातल्या मनात मोजतात व त्या अवधीत घरात कोणी बोलावयाचे नसते.

व्यावसायिक पारखी चहा पितात तो मोठ्याने भुरका मारून, कारण भुरक्याबरोबर हवा आत जाऊन चहाचा सुगंध जिभेमागून नाकापर्यंत पोचतो, आणि नंतर तो थुंकून टाकतात. ज्या रावसाहेबांनी आपल्या नातवांना बशीतून भुरका मारला म्हणून पंगतीवरून उठविले होते, तेच रावसाहेब आता असा भुरका मारतात की समोरच्या इमारतीतील मांजर सज्जातून आत जाते. थुंकण्यासाठी माळ्यावरची, वहिनींच्या आजेसासऱ्यांची पितळी पिकदाणी खाली काढण्यात आली आहे. तीन पिढ्या पानतंबाखूची सेवा केलेल्या त्या पात्राला उतारवयात दार्जिलिंगचा चहा मिळावा, हा मी तरी त्याच्या पूर्वसुकृताचाच भाग मानतो.

चहाचे वर्गीकरण त्यांनी अर्थातच महसुली पद्धतीने केले आहे. घरोघरी जी दाणेदार भुकटी आल्याबरोबर उकळतात ती रयतवारी. दार्जिलिंग ते इनामी वतन, त्यातही 2004 साली भारतातील पहिले भौगोलिक मानांकन मिळून हद्द कायम झालेले. दार्जिलिंगची पहिली खुडणी फाल्गुन-चैत्राच्या सुमारास होते, म्हणून ती रब्बी. पावसाळा सरल्यावरची ती खरीप. आणि वैशाख-ज्येष्ठातली मधली, जिला द्राक्षांसारखा एक मधुर गंध असतो व जिच्यासाठी परदेशी गिऱ्हाईक वाटेल ते मोल मोजते, ती उन्हाळी. या उन्हाळी पिकानेच रावसाहेबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी तात्त्विक अडचण उभी केली. त्याचे असे झाले की, त्या द्राक्षगंधाला तुडतुड्यांचा मोठाच हातभार लागतो, असे त्यांच्या वाचनात आले. हा हिरवा, टिचभरही नसलेला किडा कोवळ्या पानाचा रस शोषतो, झाड स्वसंरक्षणार्थ आपल्या अंगी काही सुगंधी द्रव्ये निर्माण करते, आणि तीच पुढे पेल्यात उतरतात. उभ्या हयातीत भातावर तुडतुडे पडले की आणेवारी खाली आणावयाची, सारा तहकूब करावयाचा आणि वरिष्ठांना अहवाल पाठवावयाचा, एवढेच ज्यांना ठाऊक, त्या रावसाहेबांना किडीने पिकाचा भाव वाढतो हे ऐकून रात्रभर झोप आली नाही. सकाळी फिरावयास निघालो असता त्यांनी मला हटकून विचारले, “आता सांगा, मी भंडाऱ्याला असताना ज्या गावांची आणेवारी सहा आण्यांवर आणली, त्या गावांत भाताला काही वास-बीस येत होता की काय? चौकशीच झाली नाही हो!”

परीक्षा रविवारी सायंकाळी होते. पंच तिघे: मी, एक निवृत्त मराठीचे शिक्षक आणि तळमजल्यावरचे विमा प्रतिनिधी. पेले क्रमांकित असून क्रमांक बुडाशी लिहिलेले असतात, जेणेकरून पंचांच्या मनावर नावाचा दबाव येऊ नये. विमा प्रतिनिधी प्रत्येक नमुन्याला “फस्क्लास!” म्हणतात, कारण त्यांना रावसाहेबांच्या जावयाचा विमा उतरवावयाचा आहे, त्यांची साक्ष ‘हितसंबंधी’ या शेऱ्यासह नोंदली जाते. शिक्षक डोळे मिटून “ओघ चांगला आहे, पण शेवट घाईत उरकला आहे, दहापैकी साडेपाच,” असे गुण देतात. माझी पाळी आली की मला तो चहासारखा लागला हे सत्य दडवून मी “किंचित तुरट” म्हणतो, आणि चहाच्या बाबतीत हे विधान सहसा खोटे ठरत नाही. सर्वांच्या जबान्या झाल्यावर रावसाहेब भुरका मारतात, पिकदाणीकडे वळतात, आणि रोजकीर्दीसारख्या लांब वहीत सोळापैकी आणे मांडतात. त्या आकड्यावर अपील नाही. नोकरीत त्यांच्या प्रत्येक हुकमावर प्रांतांकडे, प्रांतांच्या हुकमावर कलेक्टरांकडे अपील होत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या वहीवर त्यांचे इतके प्रेम का, याचा उलगडा होतो. चहा कधी वरच्या कचेरीत जात नाही.

अपील नसले तरी स्वयंपाकघर आहे. एकदा चीनच्या फुजियान प्रांतातील, देवदारासारख्या पाइन वृक्षाच्या धुरावर वाळविलेला लॅपसांग सूशाँग नावाचा चहा झाकणाखाली मुरत असताना आतून वहिनींचा आवाज आला, “अहो, बंब कुणी पेटवलाय?” रावसाहेबांनी वूयी पर्वताचा भूगोल शांतपणे समजावून दिला. त्यावर वहिनी म्हणाल्या, “मग आमचं सगळं आजोळच चीनचं म्हणायचं. तिथे दुधालासुद्धा हाच वास यायचा.” अर्ल ग्रेच्या वेळीही तसेच. 1830 ते 1834 या काळात इंग्लंडचा पंतप्रधान असलेल्या गृहस्थाचे नाव या चहाला का मिळाले याच्या आख्यायिका रावसाहेब रंगवून सांगत होते, तोच पेला नाकाशी नेऊन वहिनी उद्गारल्या, “अगंबाई, हे तर कोलन वॉटर!” रावसाहेब तुच्छतेने हसले, आणि मग, खरा अधिकारी कागद पाहिल्यावाचून हसत नाही हे आठवून, त्यांनी पुस्तक उघडले. दक्षिण इटलीत होणाऱ्या बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल या चहात असते, आणि तेच तेल त्या सुवासिक पाण्यातही असते. त्या रविवारी अर्ल ग्रेच्या रकान्यात आणे मांडले गेले नाहीत; ‘प्रकरण फेरचौकशीस’ अशी नोंद आहे.

पुण्याने चहाची चौकशी पूर्वीही केलेली आहे, आणि रावसाहेब तिचा उल्लेख नेहमी व्यथित अंतःकरणाने करतात. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली, गोपाळराव जोशी यांनी त्याचा बोभाटा केला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी होऊन प्रायश्चित्ते ठरली. “आरोपी आहेत, साक्षी आहेत, पंच आहेत, निकाल आहे,” रावसाहेब म्हणतात, “पण तो चहा कसा होता, याविषयी एवढ्या कागदांत एक अक्षर मला सापडलं नाही! कसली ही चौकशी? मुद्देमालाचं वर्णनच नाही!”

फुलापानांच्या काढ्यांविषयी त्यांचे धोरण कडक आहे. चहाच्या झाडाचे पान ज्यात नाही त्याला चहा म्हणणे म्हणजे शेतजमिनीवर परवानगीवाचून बंगला बांधणे होय, असे त्यांचे मत असल्याने अशा सर्व नमुन्यांसाठी ‘बिनचहा’ या नावाची स्वतंत्र वही आहे. तिच्यात कॅमोमाइल आहे. ते शेवंतीच्या कुळातले, आणि दसऱ्याच्या तोरणाचा दुसऱ्या दिवशीचा जो वास, तोच त्याचा. साडेतीन आणे, सारा तहकूब. दक्षिण आफ्रिकेच्या सेडरबर्ग डोंगरातले रूइबोस आहे. ते तुरीच्या कुळातले निघाल्यामुळे त्याला कडधान्यांच्या दराने सात आणे मिळाले. गोकर्णीचा निळा काढा आहे, ज्यात लिंबू पिळताच तो जांभळा होतो. त्याला चव जवळजवळ नाही, आणि शेऱ्यात ‘साक्षीदार फितूर’ एवढेच लिहिले आहे. ही गोकर्णीची फुले त्यांनी सुंदर डबीतून विकत घेतली, त्याच आठवड्यात त्यांच्याच कुंपणावरच्या वेलीची फुले माळी झाडून नेत होता. त्याहून शोचनीय प्रसंग लाल जास्वंदी चहाचा. गणपतीला वाहतो ती ही जास्वंद नव्हेच. हे लाल अंबाडीच्या बोंडांभोवतीचे आंबट आवरण, हे वहिनींनी एक तुकडा दातांखाली धरताच ओळखले. “माझी नागपूरची मावशी याचं सरबत करते. किती दिलेत?” रावसाहेबांनी रक्कम सांगितली. “चारशे रुपयांची अंबाडी!” असे म्हणून त्या आत गेल्या, आणि रात्री जेवणात अंबाडीची भाजी होती.

सध्या मात्र रावसाहेब चहाच्या पलीकडे गेले आहेत. एकच दार्जिलिंग नळाच्या पाण्यात लख्ख उतरतो आणि टँकरच्या पाण्यात काळवंडून वर तवंग धरतो, हे त्यांच्या ध्यानात आले. जड पाण्यातील चुन्यामुळे असे होते, आणि विलायतेतले चहाचे व्यापारी गावागावाच्या पाण्याप्रमाणे मिश्रणे बदलीत असत, हेही त्यांनी वाचले. तेव्हा आजवरची सर्व आणेवारी पाण्याचा दाखला जोडलेला नसल्यामुळे रद्दबातल झाली असून नव्याने मोजणी सुरू आहे. खडकवासल्याचे पाणी झाले, सोसायटीच्या बोअरचे झाले, भाच्याच्या गावचे उसाच्या पट्ट्यातले झाले. मी सुट्टीत राजापूरकडे जाणार असल्याची बातमी त्यांना कशी लागली न कळे. आदल्या संध्याकाळी ते स्वतः एक काचेची बाटली घेऊन आले. बुचावर लाख, गळ्याला सुतळी, पोटावर चिकटवलेल्या कागदावर विहिरीचे नाव, दिनांक, वेळ आणि दोन पंचांच्या सह्या यांसाठी रकाने. “लाख तुम्ही तिथेच फोडायची, बाटली भरायची, पुन्हा लाख लावायची. नमुन्यात बाहेरचा एक थेंब जाता कामा नये,” एवढे बजावून ते जिना उतरले.

पाठोपाठ वहिनी वर आल्या. “भाऊजी, बाटली मात्र आठवणीनं परत आणा,” त्या हळूच म्हणाल्या, “माझ्या कोकमाची आहे ती. यांनी नुसती विसळून लाख लावलीय.”